टांगलेलं तवसं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या साहेबांनी मला काम दिलं ते वांग्यांना झोके देण्याचं.

मी देवरूखच्या बाजूच्या एका खेड्यातला. आमच्या घरात शाळा पुरी केलेलाच कोणी नव्हता, तर कॉलेज कुठलं? पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन आलो तेव्हा वडिलांनी ती सुरळी उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि आईला म्हणाले, "हंड्यांजवळ नको ठेवू गो. पाणी लागला तर सगळा शिकलेला वाहून जायाचा." असा मी, शिंप्याने अंमळ सैल शिवलेला नवा कोट घालून, रत्नागिरीजवळच्या भाजीपाल्याच्या प्रयोगवाडीवर रुजू व्हायला गेलो. साल सव्वीस-सत्तावीस असावं.

वाडी म्हणजे सड्याच्या, त्या उघड्या कातळी पठाराच्या, उतारावर, जांभा फोडून तयार केलेले काही वाफे, एक विहीर आणि एक कौलारू घर. घराच्या ओटीवर झोपाळा होता. झोपाळ्यावर करंडीत वांगी बसवलेली होती, आणि किडकिडीत अंगाचे, झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ बाजूला उभे राहून त्यांना मन लावून झोके देत होते.

"पदवीधर का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"उत्तम. हा दोर धरा. जयगड मागे पडलंय, आता समुद्र जरा खवळवा."

मी दोर धरला. सरकारी नोकरीत वरिष्ठांना प्रश्न विचारू नयेत एवढं मला शाळेच्या हेडमास्तरांनी बजावून पाठवलं होतं. मी समुद्र खवळवला. काही वेळाने साहेबांनी हात वर केला. "थांबा. हर्णै आलं. इथे उतारू चढतात." उतारू चढेपर्यंत आम्ही चहा घेतला आणि मग पुन्हा मुंबईकडे निघालो.

यात वेडेपणा नव्हता, हे मला दोन-तीन दिवसांनी उमगलं. आमच्या भागातली भाजी मुंबईला जायची ती आगबोटीने. बंदरातून पडावात, पडावातून बोटीवर, आणि पुढे सगळी वाट हेलकावे. निघताना तुकतुकीत असलेलं वांगं भाऊच्या धक्क्याला पोचेपर्यंत मऊ पडायचं आणि तिथले दलाल तोंड वाकडं करायचे. पुण्याच्या पुस्तकांत बोटीचा विचारच नव्हता, कारण पुण्याला समुद्र नाही. साहेबांनी तो झोपाळ्यावर आणला होता. जी जात झोक्यांनंतर टणक राहील ती पास. जी मऊ पडेल तिच्याबद्दल ते हळहळून म्हणत, "काय करणार, हिला बोट लागते." त्यांना स्वतःलाही बोट फार लागायची, त्यामुळे नापास भाजीला ते कधी टाकून बोलत नसत.

एकदा माझे वडील मला भेटायला वाडीवर आले. मी नेमका झोपाळ्याजवळ, आणि झोपाळ्यावर कारली. वडील पायरीवरच थबकले. एवढं शिकवून पोराने काय मिळवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. साहेब लगबगीने पुढे झाले, त्यांना हात धरून बसवलं आणि म्हणाले, "या, या. तुमचा मुलगा आहे म्हणून माल सुखरूप मुंबईला पोचतोय हो. नाहीतर वाटेतच खलास झाला असता." वडील एकदम निवांत झाले. गावी परतल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगा बोटीवर मोठ्या हुद्द्यावर आहे. पुढे कित्येक वर्षं गावातली माणसं मला मुंबईच्या तिकिटासाठी वशिला लावायला सांगत असत.

साहेब स्वतः भाजी खात नसत. "ओळखीच्यांना खाववत नाही," म्हणायचे. रोज कुळथाचं पिठलं आणि भात. कुळीथ कसा चालतो, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "कुळथाशी माझी ओळख नाही. मुद्दामच करून घेतली नाही."

पण त्यांचा खरा जीव होता तवशावर. तवसं म्हणजे आमच्याकडची पावसाळी काकडी. कोवळी असताना कोशिंबिरीला, आणि जून झाली की मांडीएवढी होणारी. हे पीक श्रावणात असं लोटतं की कोणी विचारत नाही. त्या दिवसांत बोटी बंद. मुंबईला माल जाणार कसा? रत्नागिरीच्या बाजारात तवशांचे ढीग पडायचे आणि शेवटी गुरांपुढे जायचे. नवरात्राच्या सुमाराला बोटी नीट चालू होईपर्यंत वेल वाळलेले आणि तवशी नासलेली. साहेबांना असं तवसं हवं होतं, जे श्रावणात धरलं तरी दिवाळीपर्यंत कडक राहील आणि वर बोटीचा प्रवासही सोसेल. "तसं एक तवसं मिळू दे," ते म्हणायचे, "की इथला बागायतदार मुंबईला मनिऑर्डर पाठवील. आता उलट होतं."

त्यासाठी संकर करायचा. तवशाच्या वेलावर नराची फुलं वेगळी आणि मादीची वेगळी. उद्या उमलणारी मादीची कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवायची, म्हणजे मधमाशी आत शिरत नाही, आणि सकाळी आपण निवडलेल्या नराचा पराग तिला लावायचा. कॉलेजात आम्ही हे चिमटे घेऊन, शास्त्रीय नावं पुटपुटत करत असू. साहेब ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून करत.

"लग्नकार्याला पारोशाने कसं जायचं?"

मी कायम मुलाकडचा. नराचं फूल केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन मी वाफ्याच्या कडेने यायचं, आणि साहेब मुलीकडच्या बाजूने दोरा सोडायचे. मधमाशी घोंघावली की ते "आगंतुक! आगंतुक!" असं ओरडत उपरणं फिरवायचे. जात पक्की करण्यासाठी मग एकाच वेलावरच्या नर-मादीचा संयोग करावा लागतो. त्या दिवशी साहेब वेलाकडे पाठ करून उभे राहिले. "पदवीधर, एवढं तुम्ही उरका. सगोत्र आहे, मला बघवत नाही."

कोल्हा काकडीला राजी, असं आपण म्हणतो. सड्यावरचे कोल्हे तर आमच्या वाडीवर पोसले जात होते. वाडीचा राखणदार लखू डबा बडवून थकायचा. साहेबांनी शेवटी त्यातूनही काम काढलं. कोल्ह्याने कुठली तवशी पळवली आणि कुठली हुंगून सोडली ते सकाळी बघायचे आणि म्हणायचे, "चवीचा निकाल लागला." कोल्ह्याने नाकारलेला वेल ते उपटून टाकत. त्यात अडचण एवढीच, की सगळ्यांत चांगल्या वेलाचं आमच्या हाती काहीच लागत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. वाडीवर चांगलं बियाणं तयार होत होतं, वांग्याचं, वालीचं, माठाचं. पण बागायतदार ते घेत नव्हते. साहेब पुड्या घेऊन दारोदार जात. आमच्या शेजारच्या गावात गणूतात्या म्हणून एक म्हातारे बागायतदार होते. पन्नास उंबऱ्यांचा गाव, पण तात्या पेरतील ते सगळे पेरणार. ते साहेबांना ओटीवर बसवायचे, पन्हं द्यायचे, आणि पुडी परत करायचे.

"फुकट नको, साहेब."

"अहो तात्या, मग विकत घ्या."

"इकत तर नकोच नको. सरकार पावसात छत्री देत नाय, नि बी देतो? आज बी देतील नि उद्या येलावर पट्टी बसवतील."

साहेब हसत घरी यायचे, पण पुड्या कपाटात ठेवताना हसत नसत.

मग पुण्याहून हुकूम आला. बागायतदार बियाणं घेत नसतील तर वाडी कशासाठी चालवायची? थोरले साहेब दिवाळीनंतर स्वतः येऊन पाहणी करतील. पटलं तर ठीक, नाहीतर वाडी बंद.  बोटीवरच्या हुद्द्यावरून मला काढलं, हे वडील गावात कोणत्या तोंडाने सांगणार होते? साहेबांनी मात्र हुकूम वाचून त्याची घडी घातली आणि वर बोट दाखवलं. "घाबरता कशाला? हे आहे ना."

त्यांच्या टेबलाच्या बरोबर वर, आढ्याला, काथ्याच्या जाळ्यात एक तवसं टांगलेलं होतं. त्या वर्षी संकराची जेवढी फळं कोल्ह्यांच्या तावडीतून वाचली तेवढी साहेबांनी ओळीने टांगली होती. त्यातली एकेक नासत गेली. हे एक राहिलं. दसरा झाला, दिवाळी झाली, तरी गडी तसाच. झोपाळ्यावर मुंबईची वारीही करून आलेला. साहेबांनी त्याला दृष्ट लागू नये म्हणून चुन्याचा ठिपका लावला होता आणि रोज सकाळी कोट खुंटीला लावताना ते त्याला "काय, बरं आहे ना?" असं विचारत. त्या एका फळात पुढच्या सगळ्या जातीचं बी होतं. ते थोरल्या साहेबांना दाखवायचं, त्यांच्यासमोर कापायचं, बी काढायचं, असा बेत होता.

पाहणीच्या दिवशी साहेब पहाटेच उठून बसले. लखूची बायको यशोदा वाडीवर स्वयंपाक करायची. तिला त्यांनी उत्साहाने सांगितलं, "यशोदे, आज मोठा पाहुणा येतोय. इतके दिवस सांभाळलं, आज ह्या तवशाचं सार्थक होणार!" आणि आम्ही दोघे थोरल्या साहेबांना घ्यायला मोटारीच्या अड्ड्यावर गेलो.

मोटार उशिरा आली. थोरले साहेब देशावरचे, बूटवाले, मोजकं बोलणारे. वाडीवर पोचेपर्यंत जेवणवेळ टळून गेली होती. यशोदेने पानं वाढली. डाळिंब्यांची उसळ, भात, आणि शेवटी खरपूस, वेलचीच्या वासाचं धोंडस. जून तवसं किसून त्यात तांदळाचा रवा आणि गूळ घालायचा, खाली-वर निखारे ठेवून भाजायचं, असा हा आमच्याकडचा पदार्थ. थोरल्या साहेबांनी तो आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला आणि पुन्हा मागितला. आमचे साहेब भाजी खात नसत, पण गुळापुढे त्यांचा नियम टिकत नसे. त्यांनीही मागून घेतलं.

"फर्मास झालंय गो," ते आतल्या दिशेला म्हणाले. "कुणाकडचं तवसं?"

"घरचाच हाय," आतून उत्तर आलं.

हात धुऊन साहेबांनी थोरल्या साहेबांना कचेरीच्या खोलीत नेलं. दाराशी क्षणभर थांबून घसा खाकरला. मग वर न बघताच, जादूगाराने पेटीकडे करावा तसा, हात वर केला.

"पाहा. दसऱ्याच्या आधीपासून टांगलंय. एक सुरकुती दाखवा मला."

थोरले साहेब बराच वेळ वर पाहत राहिले. "सुरकुती नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण तवसंही नाही."

साहेबांनी मान वर केली. काथ्याचं रिकामं जाळं वाऱ्यावर हलत होतं.

"यशोदे! इथलं तवसं कुठाय?"

यशोदा पदराला हात पुसत दारात आली. "वरचा? मा आत्ता तुमी काय खाल्लाव? दोनदा मागून घेतलाव की!"

तिची काहीच चूक नव्हती. आमच्या भागात घरोघर आढ्याला तवशी टांगलेली असतात, आणि त्यातलं सगळ्यांत चांगलं टांगून ठेवायचं ते पाहुण्यासाठी, हे कोणाला शिकवावं लागत नाही. साहेब एका तवशाला इतकं जपतात म्हणजे पाहुणा तेवढाच मोठा असणार, असं ती महिनाभर मनात धरून होती. शिवाय सकाळी साहेबांनीच सार्थकाचं सांगितलं होतं. "चुन्याचा ठिपकासुदा घासून काढलाय मी," ती जरा दुखावून म्हणाली.

साहेब खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता हे ओरडणार, नाहीतर रडणार. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"थोरले साहेब, खरं सांगा. चव कशी होती?"

"फारच चांगली होती हो," थोरले साहेब अपराध्यासारखे म्हणाले.

"लिहा पदवीधर. टिकाऊ. बोट लागत नाही. धोंडसाला उत्तम." आणि एवढं बोलून त्यांनी मिशी उपरण्यात लपवली.

 मी यशोदेकडे वळून विचारलं, "यशोदावहिनी, बिया?"

"बिया कोण खातो? गाभा नि साली तांबूस घातल्या."

तांबू ही लखूची गाय. साहेब ताडकन उठले.

"कधी?"

"सकाळी. लई आवडीनं खाल्लान."

"आता कुठे आहे ती?"

"सड्यावर. चरायास."

साहेबांनी टोपी घातली, परसातली टोपली उचलली आणि ते निघाले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे लखू. गायीला गोठ्यात बांधून ठेवू, असं लखू म्हणाला, तर यशोदेने अंगणातूनच आवाज दिला, "गाभण हाय माजी गाय! सरकारास बांधून द्यायची नाय!" तेव्हा तांबू जाईल तिथे जायचं, एवढाच मार्ग उरला. थोडं चालल्यावर मागे बुटांचा आवाज आला. खाल्ल्या धोंडसाला जागून थोरले साहेबही टोपली घेऊन निघाले होते.

तांबू सड्यावर चरत होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि चालू लागली. ती चालली की आम्ही चालायचं, ती थांबली की आम्ही थांबायचं. तिने शेपटी जरा उचलली की चौघेही पुढे धावायचे, आणि ती नुसतीच माशी वारायची. बाजाराहून परतणारी माणसं वाटेत उभी राहून बघू लागली. त्यांच्यात गणूतात्या होते.

"साहेब, काय हरवलाय काय?"

"तवसं हरवलंय तात्या."

"कुटं?"

"हिच्या पोटात."

तात्यांनी तांबूकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग पुण्याच्या बुटांकडे पाहिलं. "मंग वाईच थांबा की. खाल्लान ता जातो कुटं?" आणि तेही काठी टेकून आमच्यात सामील झाले. संध्याकाळपर्यंत तांबूच्या मागे लग्नाच्या वरातीएवढी माणसं होती.

जे हवं होतं ते दुसऱ्या दिवसापासून मिळू लागलं. आम्ही ते पऱ्याच्या, म्हणजे जवळच्या ओढ्याच्या, पाण्यात चाळणीत धुतलं. साहेब वाकून बसायचे आणि एकेक बी सापडलं की "आली! आली!" असं ओरडायचे. काठावर गणूतात्या आणि मंडळी माना लांब करून बघायची. पऱ्याकाठच्या दलदलीत बूट गमावलेल्या थोरल्या साहेबांनी जाताना सांगितलं, "मी हे खाल्लंय, म्हणून मुदत देतो. पण पुढच्या मृगाच्या पुढचा मृग. तोपर्यंत बागायतदारांनी आपण होऊन येऊन बियाणं मागितलं पाहिजे. नाहीतर माझ्याही हातात नाही."

ते बी साहेबांनी राखेत घोळून जपलं आणि पुढच्या पावसाळ्यात लावलं. लखूने तो सबंध हंगाम डबा खाली ठेवला नाही. वेल लागले, फळं धरली, दिवाळीपर्यंत टिकली. आता पुड्या भरभरून बी होतं. आणि खरंच, मृगाच्या तोंडावर एके सकाळी गणूतात्या दहा-बारा बागायतदारांना घेऊन वाडीवर आले.  साहेबांनी लगबगीने कपाट उघडून पुडी पुढे केली.

तात्यांनी पुडी नाकाशी नेली. "ह्या तांबूच्या पोटातला काय?"

"पोटातून जे आलं, त्याचीच ही लेकरं."

"म्हंजे ही सोता पोटातनं गेलेली नाय."

"स्वतः नाही, पण तात्या, जात तीच."

तात्यांनी पुडी परत दिली. "ही सरकारी झाली, साहेब. आमास गाईच्या पोटातली पायजे. तिच्या पोटात काय काय असता, तेहतीस कोट देव असतात. ती बी नासायची नाय."

साहेबांनी त्यांना आईबाप समजावले, लेकरं समजावली, नर समजावला, मादी समजावली. बागायतदार माना डोलावत राहिले आणि गायीच्या गोठ्याकडे बघत राहिले. शेवटी ते निघाले तेव्हा साहेब झोपाळ्यावर मटकन बसले.

"काय हा प्रकार पदवीधर! इतकी वर्षं ह्यांची लग्नं मी लावली. मधमाश्या मी हाकलल्या. आणि नाव कोणाचं? बसून रवंथ करणाऱ्या गायीचं!"

मी म्हणालो, "साहेब, मृग चार दिवसांवर आहे."

ते उठून परसात गेले, तिथून खोलीत, खोलीतून पुन्हा परसात. माझी पदवी, लखूची राखण, यशोदेची चूल, त्यांचं तवसं, सगळं त्या फेऱ्यांवर अवलंबून होतं. मग ते आढ्याखाली उभे राहिले. बियांसाठी राखलेली गेल्या वर्षीची उरलेली तवशी तिथे टांगलेली होती, जून झाली तरी न नासलेली. त्यांनी एकेक काढून टोपलीत भरली.

"लखू, तात्यांना हाक मार. आणि यशोदेला विचार, तांबूला भूक आहे काय?"

त्या दिवसापासून आमच्या वाडीवर जे चाललं ते कुठल्याही शेतकी खात्याने पाहिलं नसेल. बागायतदारांच्या देखत साहेब तांबूला तवसं भरवायचे. आपल्या हाताने लग्न लावलेल्या मुलीची पाठवणी करावी तशा चेहऱ्याने भरवायचे. मग तांबू सड्यावर निघायची आणि तिच्यामागे टोपल्या घेतलेली माणसं ओळीने. आधी ढकलाढकल झाली, म्हणून साहेबांनी पाळ्या लावून दिल्या. तांबूही काही दिवसांनी ऐटीत चालू लागली. तिने वाट बदलली की सगळा गाव वळायचा. सोवळंओवळं पाळणारे एक पंतही पाळीत उभे होते आणि "ही आमचीच पाळी" म्हणून भांडले.

ऐन ह्या गर्दीत थोरले साहेब आले, ह्या खेपेला बुटांऐवजी चिखलात चालता येईल अशा चपला घालून. ते काही वेळ बांधावर उभे राहिले.

"हे सगळे बागायतदार?"

"होय."

"आपण होऊन आलेत?"

"भांडताहेत," साहेब म्हणाले.

थोरल्या साहेबांनी तांबूकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं, आणि अहवालात एवढंच लिहिलं, की बियाण्याला मागणी चांगली असून वाटपाची पद्धत स्थानिक आहे. वाडी चालू राहिली. माझी नोकरी राहिली. त्या पगारावर माझ्या दोन्ही भावांची शिक्षणं झाली, म्हणून अजूनही रस्त्यात गाय दिसली की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. आणि खरं तर तो साहेबांसाठी जात असतो.

साहेब अर्थात गप्प बसले नाहीत. गायीच्या पोटातून गेलेलं बी आणि न गेलेलं बी, असे शेजारी शेजारी वाफे त्यांनी लावून पाहिले. दोन्ही वेल सारखेच आले. त्यांनी हे तात्यांना नेऊन दाखवलं. तात्यांनी दोन्हीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे सरकारी बी पन सुदारली म्हनायची. तांबूच्या शेजारी वाढली ना."

काही वर्षांत ते तवसं दिवाळीच्या बोटीने मुंबईला जाऊ लागलं. करंड्याच्या करंड्या बंदरावर यायच्या. बाजारात त्याला तांबूचं तवसं म्हणत. साहेबांनी त्याच्यासाठी एक भारदस्त संस्कृत नाव योजून ठेवलं होतं. ते मला आणि त्यांना दोघांनाच माहीत होतं.

एकदा नवरात्रात आम्ही दोघे बाजारात गेलो होतो. एक बाई पुढ्यात तवशी मांडून बसली होती. आम्हाला ती ओळखत नव्हती. साहेबांनी एक उचललं, टिचकी मारली, कानाशी नेलं.

"तांबूचा हाय," ती म्हणाली. "दिवाळीपातूर बगा नासला तर."

"कोण तांबू?"

"जल्ला मेला, तांबू ठाव नाय? गाय हुती. देवाची. सड्यावर फिरायची, नि शेण पडंल थितं ह्यो येल. सरकारी मानसं टोपल्या घेऊन मागं धावली, तर त्यांस एक बी दिलीन नाय. गरिबांस दिलीन."

माझं तोंड उघडलं होतं. साहेबांनी माझा दंड धरला.

"बरं केलंन," ते म्हणाले. "मला चार बिया द्याल काय? वाडीत लावीन म्हणतो."

तिने त्यांचा कोट पाहिला, माझा कोट पाहिला आणि तवसं त्यांच्या हातातून काढून घेतलं. "नाय ओ. तुमी सरकारी दिसताव. तुमच्या हातात बी बिघडायची."

आम्ही परत फिरलो. मला राग आवरत नव्हता. इतक्या वर्षांची मेहनत, आणि ज्याची मेहनत त्याला चार बिया नाहीत! साहेबांचे खांदे हलताना दिसले, म्हणून मी काळजीने त्यांच्या पुढे जाऊन पाहिलं. ते हसत होते. हसता हसता त्यांना उभं राहवेना, म्हणून ते एका दुकानाच्या फळीवर बसले, मिशी पुसली आणि बराच वेळ त्या बाईसमोर जमलेल्या गिऱ्हाइकांकडे बघत राहिले.

"पदवीधर," ते म्हणाले, "उद्यापासून कारलं हाती घेऊ. पण ह्या खेपेला गाय आधीच बघून ठेवा."